काटा चाळीसवर

टाकीच्या तळाशी गाळ साचतो, तसे कारखान्यात किस्से साचतात. नव्वदच्या दशकात मी वर्ध्याजवळ एका तांब्याच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. आमच्याकडे आम्लाच्या टाक्यांत वीज सोडून तांबं शुद्ध करायचे. वाफेनं घसा नुसता जळायचा. आमचे जुने ऑपरेटर वामनराव नाकाला दुपट्टा बांधून, हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा मागत राहायचे.

पंख्याऐवजी मीटर आलं!

मॅनेजर खोंडे साहेबांनी कौतुकानं दाखवलं, "हा इलेक्ट्रोड टाकीत बुडवायचा. पाण्यात तांबं किती, ते काटा सांगतो."

"अन् आमच्या घशात किती गेलं, थे सांगते का?" वामनराव म्हणाले.

*

इलेक्ट्रोड कायम ओला ठेवायचा असतो. वामनरावांनी तो फडक्यानं कोरडा पुसून दिवसभर उन्हात ठेवला. मीटरवाल्या इंजिनिअरनं कपाळावर हात मारला.

"काऊन जी? ओला ठेवला असता त गंज नसता आला?"

*

हेड ऑफिसला लिटरमागे चाळीस ग्रॅम तांबं हवं होतं. काटा सकाळी तीस दाखवायचा, संध्याकाळी पन्नास. आम्ही हवालदिल!

खोंडे साहेब मात्र निवांत. "सरासरी चाळीसच येते ना? मग झालं तर!"

*

खंडेनवमीला सगळ्या यंत्रांबरोबर मीटरचीही पूजा झाली. इलेक्ट्रोडला हळदकुंकू, वर झेंडूचा हार. नारळ फुटला आणि निम्मं पाणी मीटरच्या डब्यात गेलं.

काटा थरथरला आणि चाळीसवर थांबला, तो कायमचा! दुरुस्तीचं नावही कुणी काढलं नाही. खोंडे साहेबांनी तर पेढे वाटले.

*

मग वर्षभरानं नागपूरहून मोठे साहेब आले. त्यांच्या हातात खोंडे साहेबांचं प्रमोशन होतं.

"सर, बघा. वर्षभर एकदम चाळीस!"

मोठे साहेब खूश झाले. हौसेनं त्यांनी स्वतःच इलेक्ट्रोड टाकीतून वर उचलला. इलेक्ट्रोड हवेत आणि काटा चाळीसवर!

वामनराव नाकावरचा दुपट्टा खाली ओढत पुढे आले.

"पाहा साहेब, हवेतबी चाळीस! म्हणून त पंखा मांगून राह्यलो मी!"

मोठ्या साहेबांनी खोंडे साहेबांकडे वळून विचारलं, "मीटर बिघडलंय का हो?"

खोंडे साहेबांनी घाम पुसला. "छे छे, सर! मीटर एकदम करेक्ट आहे!"

पुढच्याच आठवड्यात पंखा लागला.