पान चौऱ्याण्णव

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही वाचणारे आहात — आणि गोष्ट वाचण्याचीच आहे.

नवं राज्य झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून मोताळ्यातल्या आमच्या लहानशा वाचनालयाचा चिटणीस मी. दर तीन महिन्यांनी जिल्ह्याच्या ग्रंथालयातून, एसटीच्या टपावरून पुस्तकांची पेटी येई आणि आधीची परत जाई. वीस पुस्तकं. ती आधी माझ्या घरी उतरे. मी क्रमांक घाली, वहीत पानांची संख्या लिही, मग ती वाचनालयात नेई. वाचायचोही क्रमांकानेच. आवडो, न आवडो — पुरं करायचं. पाच वर्षांत चारशे पुस्तकं. गावात नाव होतं माझं.

माझी बायको सिंधू चौथी शिकलेली. बाया वाचनालयात जात नसत. मी आणीन ते तिचं. पण पेटी घरी उघडली की निवडायची पहिली पाळी तिची. ती पुस्तक मधूनच उघडी, एक पान वाची, नाक मुरडून ठेवून देई. असं पाच-सहा वेळा. मग एखादं छातीशी धरून उठे. पेटीत वीस असोत की दोनशे, तिला एकच हवं असे.

एका दुपारी ती चुलीपुढे बसून हसत होती. पदर तोंडात, डोळ्यांत पाणी, भाकर करपलेली. काय झालं विचारलं, तर तिने पान वाचून दाखवलं. ते पान मी आदल्याच रात्री वाचलं होतं. एकशे अठ्ठ्याऐंशी पानांचं पुस्तक, क्रमांक एक. हसलो नव्हतो. हसण्यासारखं काही आहे, हेही कळलं नव्हतं.

माझा चेहरा पाहून ती म्हणाली, "अवो, तुमी पुस्तक वाचता का जिनातल्या गठानी मोजता?"

जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गठाणी मोजणं हीच माझी नोकरी. ती थट्टाच होती. पण चारशे पुस्तकांत मला एकदाही न मिळालेलं काहीतरी तिच्या मांडीवर पडलं होतं — आणि तेही करपलेल्या भाकरीच्या वासात! ते सहन होईना. बायकोचा मत्सर कोणी करतो का? मी केला.

पुस्तक ठेवायची मुदत सात दिवसांची. आठव्या दिवशी मी ते उचललं. तिचं अर्धंच झालं होतं. नियम म्हणजे नियम, म्हणालो. दुसऱ्या कोणी मागितलं होतं का? नाही. शाळेच्या मास्तरांनी नेलं, असं तिला सांगितलं — आणि जिनिंगमधल्या माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं.

ती दर आठवड्याला विचारी. "आलं का हो ते?" एकदा म्हणाली, "मास्तर काय पाठ करून राह्यले का काय?" मी हसलो. नऊ वेळा विचारलं तिने. मी मोजलं आहे. मग त्या पुस्तकासकट पेटी परत गेली. पुढची पेटी मी परस्पर वाचनालयात उतरवून घेतली आणि तिच्यासाठी क्रमांकाने पुस्तकं आणू लागलो. पहिलं खतांवरचं. दुसरं कशावरचं, तिने पाहिलंही नाही. "राहू द्या आता," म्हणाली.

त्याला अकरा वर्षं झाली. तिने पुन्हा पुस्तक हाती धरलं नाही. शेजारणींना सांगते, "मले नाही बाई वाचनाचं येड. ह्याइले हाय." हे ती कौतुकाने सांगते. मी ऐकत बसतो.

पुस्तक खणात होतं तेव्हा मी ते उघडलं होतं. चौऱ्याण्णवाव्या पानाच्या कोपऱ्यावर तिच्या अंगठ्याचा हळदीचा डाग होता. तिथून शेवटपर्यंत मी दोनदा वाचलं, सावकाश, एकही ओळ न गाळता.

हसू आलं नाही. पुढे काय होतं, ते मला ठाऊक आहे. तिला नाही.