गाडीचा ढेकर

बाबांनी माझी जीप बैल निवडावा तशी निवडली. मी गुरांची डॉक्टर. आमच्या धाड गावाच्या आसपास पावसाळ्यात काळ्या मातीत रुतून बसायची पाळी रोजचीच, म्हणून चारही चाकांना जोर देणारी जुनी जीप घ्यायचं ठरलं. मेहकरला ती बघायला गेलो तेव्हा विकणारा मला कागदपत्रं दाखवत होता आणि बाबा गाडीभोवती फिरत होते. त्यांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं, वाकून पोटाखाली पाहिलं, चाकावर थाप मारली आणि म्हणाले, "घेऊन टाक. जनावर खोटं नाही."

बाबांनी पारखलेला बैल कधी फसवा निघाला नाही, असं गाव मानतं. बाबा तर गावापेक्षा जास्त मानतात.

पोळ्याच्या सुमारास गाडीखाली तेलाचा डाग दिसला. पुढच्या दोन चाकांच्या मधे लोखंडाचा एक गोल डबा असतो. त्यातले दाते पुढच्या चाकांना जोर पोचवतात आणि ते सदा तेलात बुडालेले असतात. तेल तिथूनच गळत होतं. गॅरेजवाल्या भाईंनी जुनं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबराची चकती, काढून नवं बसवलं. थोडे दिवस गेले आणि परत डाग. पुन्हा नवं सील, पुन्हा डाग. मी भाईंशी कडाकडा भांडले. माझा आवाज बसस्टँडपर्यंत गेला म्हणे. गेला तर गेला.

"कसम से डॉक्टरीणबाई, सील एकदम बरोबर बसवलं," भाई म्हणाले. "मले बी समजून नाही राह्यलं."

पण माझा खरा जीव टांगला होता तो बाबांपायी. रोज सकाळी ते स्टँडसमोरच्या टपरीवर चहाला जात. तिथे कुणीतरी बोललं, "काय आबा, या वेळी तर गळकं जनावर पदरात पडलं तुमच्या!" टपरी खो खो हसली. बाबांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि घर गाठलं. त्यानंतर टपरीवर पाऊल नाही. ओसरीवर बसून आईला विचारत, "माह्या चष्म्याचा नंबर वाढला काय व?" मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. जन्मभर कमावलेली पारख एका रबराच्या चकतीपायी जावी, याचा मला भयंकर राग येत होता.

परत गाडी गॅरेजात नेली. आता नाही जमलं तर विकूनच टाकायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. बाबांना हे सांगायची छाती नव्हती. भाईंनी गाडीखाली सरकून तेल भरायचं बूच सैल केलं, तोच आतून 'फुस्स' असा लांबलचक आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. ओला चारा अधाशासारखा खाऊन गाय फुगते, तेव्हा तिच्या पोटात नळी घातली की अस्साच वारा सुटतो.

"भाई, ही फुगली आहे," मी म्हणाले. "गाडी ढेकर कुठून देते?"

भाई गाडीखालून सरकत बाहेर आले. मग म्हणाले, "हाव, एक नळी राहते ना वरतं! हवा जायची."

चालताना तो डबा तापतो, आतली हवा फुगते आणि त्या नळीवाटे बाहेर पडते. नळीच बंद असेल तर हवा तेलाला ढकलते, आणि मग बिचारं सील तरी किती धरून ठेवणार! आम्ही बॉनेट उघडलं आणि नळीवरून बोट फिरवत तिच्या वरच्या टोकाशी पोचलो. टोकात चिंधी कोंबलेली होती, वर सुतळीची गाठ. चिंधी हिरव्या चौकड्यांची. बाबांच्या खांद्यावरच्या जुन्या दुपट्ट्याची.

मी चिंधी उपसून काढली आणि कपाळावर हात मारला. बाबांना उघडी नळी बघवत नाही. तुषार सिंचनाचे पाइप, फवारणीचा पंप, जिथे भोक तिथे चिंधी. चिखलाची घरं करणारी कुंभारीण माशी आत शिरते आणि ऐन पाणी द्यायच्या वेळी पाइप तुंबतो, म्हणून आमच्याकडचे सगळेच शेतकरी ही खबरदारी घेतात. बाबांनी तीत जीपही धरली होती, इतकंच.

भाई हसून हसून खोकायला लागले. मी त्यांना दम दिला की याची वाच्यता करायची नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं, "कुंभारणीनं नळीत घर केलं होतं, म्हणून तेल गळत होतं."

बाबांचा चेहरा खुलला. "पाह्य! मी म्हटलं नव्हतं, जनावर खोटं नाही?"

आपण किती शहाण्या, असं मला रात्रभर वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात म्हैस अडल्याचा फोन आला. निघण्याआधी सहज बॉनेट उघडलं, तर नळीच्या तोंडात नवी कोरी चिंधी. या खेपेला गाठी दोन. बाबा मागेच उभे होते.

"कुंभारणीचा बंदोबस्त करून टाकला," ते ऐटीत म्हणाले.

आता बोलणं भागच होतं. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. बाबांनी सावकाश दोन्ही गाठी सोडल्या, चिंधी काढली आणि हातात धरून उभे राहिले. आता हे खचणार, असं मला वाटलं.

"म्हंजे सील चांगलं होतं?"

"हो."

"डबा चांगला होता?"

"हो."

"जनावरात खोट नव्हती?"

"नव्हती बाबा. तुमची चिंधी होती."

"मंग काल काऊन नाही सांगतलं व?" असं म्हणत त्यांनी चपला चढवल्या आणि तरातरा निघून गेले.

मी बॅग गाडीत टाकून स्टँडवरून निघाले, तर टपरी गच्च भरलेली. मधोमध बाबा, ती चिंधी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरलेली. इंजिनाच्या घरघरीतूनही त्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"गाडी एक नंबर! बूच म्याच मारलं होतं!"