मोजणीबाई

मोजणीबाई माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच पाहत नसत. समोरचा खुर्चीत बसला की त्या मागे जाऊन उभ्या राहत आणि डोक्याशीच बोलायला लागत. "तेल कधी लावलं होतं?" हा पहिला प्रश्न. नाव, गाव, वय सगळं नंतर. रस्त्यात जुनी पेशंट भेटली तर त्या ओळखत नसत. ती पाठ फिरवून चालायला लागली की मग त्यांना सगळं आठवायचं.

छत्रपती संभाजीनगरमधल्या ज्या केसांच्या क्लिनिकमध्ये आम्ही दोघी नोकरीला होतो, तिथे त्यांचं काम एकच होतं. डोक्यावरच्या एक चौरस सेंटीमीटर जागेत किती केस आहेत ते मोजायचं. केस खरंच विरळ झालेत की नुसतं तसं वाटतंय, हे ठरवायला डॉक्टरांना त्या आकड्याची मदत व्हायची. मोजणीबाई हे नाव पेशंटनीच पाडलेलं. गंगापूरकडचे एक काका खुर्चीत टेकता टेकता म्हणाले होते, "वावराची मोजणी तीनदा झाली, हद्द काही सापडली नाय. आता डोक्याची करा." बाईंनी न हसता कंगवा फिरवला. "इथं हद्द दिसतीय की," त्या म्हणाल्या, "लई मागं सरकलीय."

त्याआधी बरीच वर्षं त्या एका लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली रक्तपेशी मोजत. तिथे मशीन आलं आणि त्यांना घरी बसवलं. एक नोकरी मशीननं खाल्ली, ही तरी सुटू नये, या वयात तिसरी कोण देणार, असं त्या डबा खाताना अधूनमधून म्हणत. तक्रारीच्या सुरात नव्हे, उद्या बसला गर्दी असेल म्हणावं तसं. रोज चितेगावहून यायच्या आणि क्लिनिक उघडायच्या आधी पायरीवर बसलेल्या असायच्या.

मशीन इथेही होतंच. पेनासारखा छोटा कॅमेरा डोक्याला टेकवला की पडद्यावर केस दोरखंडाएवढे दिसत आणि कॉम्प्युटर स्वतःच मोजून आकडा देई. बाईंचा त्या आकड्यावर विश्वास नव्हता, आणि त्याचं कारण तेल. खेड्यातून येणाऱ्या बायका, मुली डॉक्टरकडे जायचं म्हणून मुद्दाम चापून तेल लावून, घट्ट वेणी घालून येत. मोकळ्या, भुरभुर केसांनी चारचौघांत जाणं त्यांना बरं दिसत नसे. तेलानं केस एकमेकांना चिकटतात आणि कॅमेऱ्याला तीन केसांचा एकच दिसतो. म्हणजे जी जास्त नीटनेटकी होऊन आली, तिचे केस रिपोर्टमध्ये तितके कमी. बाई अशा प्रत्येकीला बेसिनपाशी नेत, स्वतः केस धुऊन देत, पंख्याखाली वाळवत आणि मग भिंग घेऊन मोजायला बसत. पुठ्ठ्याला बरोबर एक सेंटीमीटरची चौकोनी खिडकी कापलेली असे, ती डोक्यावर ठेवायची आणि तीनदा मोजायचं. आमच्या मॅनेजर सरांना हे अजिबात आवडत नसे. एका डोक्याला पाऊण तास जायचा.

दुसरं भांडण 'नॉर्मल' या शब्दावरून होतं. मशीनबरोबर आलेला तक्ता परदेशातल्या डोक्यांवरून केलेला होता. त्याच्यापुढे धरलं तर अर्धं शहर टकलं निघेल, असं बाई म्हणत. "नॉर्मल काय कंपनीकडून मागवायचं असतं का? ज्याचं त्याच्याच मागच्या बाजूला असतं." टक्कल पडायला लागलं तरी मागचे केस बहुतेक टिकतात, म्हणून त्या आधी मागचं मोजत, मग माथ्यावरचं, आणि दोन्ही शेजारी शेजारी लिहीत. शिवाय एक वही होती. पेशंटबरोबर आलेल्या आया, भाऊ, शेजारणी, ज्यांना काहीच झालेलं नाही, त्यांनाही त्या खुर्चीत बसवत. आपल्या भागातलं साधं निरोगी डोकं कसं असतं ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. सर त्या वहीला बाईंचा टाइमपास म्हणत.

मी रिपोर्ट टाइप करायचे. इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून ते काम माझ्याकडे. बोलणं माझं कमी. बाईंना इंग्रजी वाचता येत नसे, त्या मला 'मिस' म्हणायच्या. त्या दिवसांत माझेही केस गळत होते. कंगव्यातले केस मी पाकिटात जपून ठेवत होते आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. एका रिकाम्या दुपारी त्यांनी मला काही न विचारता खुर्चीत बसवलं. भांग रोज थोडा थोडा सरकवून पाडते आहेस, असं म्हणाल्या. तीनदा मोजलं. मग वही उघडून लिहिता लिहिता म्हणाल्या, "नॉर्मलमधी घालते तुला. आता ते पाकीट फेकून दे." पाकिटाबद्दल त्यांना कसं कळलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी घरी जाऊन ते फेकलं.

मग ती फर्दापूरची मुलगी आली. लग्न ठरत होतं, केसांवरून पाहुण्यांच्या घरात कुजबुज झाली होती. बाई त्या सकाळी दुसऱ्या पेशंटकडे होत्या, म्हणून सरांनी स्वतःच कॅमेरा टेकवला. तेलानं चपचपीत डोकं. आकडा खाली आला आणि वर्षभराची ट्रीटमेंट सुचवली गेली. आई रडायला लागली. बाईंनी तो आवाज ऐकला, मुलीला बेसिनपाशी नेलं, डोकं धुतलं, मोजलं. मागचं आणि माथ्यावरचं जवळजवळ सारखं. ताप कधी आला होता, एवढंच विचारलं. दोन-तीन महिन्यांपूर्वी, मोठा. "तापाचे केस हायेत ते. येतील परत. पोरीला काही झालं नाय, घरी जा," त्या भर हॉलमध्ये म्हणाल्या. आईनं बाईंचे हात धरले आणि मायलेकी निघून गेल्या.

आजाराचं निदान सांगायचा अधिकार बाईंचा नव्हता, हे खरंच होतं. म्हणूनच सरांनी मागितलेला त्यांच्या राजीनाम्याचा कागद लिहायला सोपा गेला. सरांनी मुद्दे सांगितले, वाक्यं मी केली. 'मी डॉक्टरांना न विचारता निदान सांगितलं, चूक मला मान्य आहे आणि मी या महिनाअखेर स्वखुशीनं नोकरी सोडत आहे', असं बाईंच्या तोंडचं सुबक इंग्रजी. सही तू घे, सर म्हणाले, तुझं ऐकतील त्या.

बाईंनी कागद भिंगाखाली धरला, मग भिंग खाली ठेवलं. "काय लिहिलंय गं, मिस?"

सर काचेपलीकडे उभे होते. त्यांनी मला दम दिला नव्हता. मला फक्त ते बोलणं टाळायचं होतं.

"नियमांचा कागद आहे," मी म्हणाले. "सगळ्यांच्या सह्या घेतायत."

त्यांनी सही केली. मोजताना करत तशीच, सावकाश, अक्षर अन् अक्षर सुटं.

महिनाअखेरीला सरांनी त्यांना आत बोलावून तोच कागद मराठीत वाचून दाखवला. पाच मिनिटांत त्या बाहेर आल्या. वही पिशवीत टाकली आणि माझ्या टेबलापाशी येऊन थांबल्या. पहिल्यांदाच त्या सरळ माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी ओरडा खायची तयारी केली होती, रडायचीही.

"कोणत्या शाळेत शिकलीस तू?" त्यांनी विचारलं.

मी शाळेचं नाव सांगितलं.

"चांगली शाळा हाय म्हणतात," त्या म्हणाल्या, आणि चितेगावची बस पकडायला गेल्या.