फेकलेले हिरवे दगड

चांगले दगड मी टेकडीवर फेकून दिले आणि निरुपयोगी तेवढे पोत्यात भरून नागपूरला आणले.

सत्तरच्या दशकातली, माझ्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली ही गोष्ट. भूशास्त्राच्या प्रबंधासाठी मला भंडाऱ्याकडची एक लहानशी टेकडी मिळाली होती. चुंबकत्व मोजायचं यंत्र घेऊन तिच्यावर चढलं की काटा असा उसळायचा, जणू खाली लोखंडाचं कोठार आहे. तिथल्या दगडांत तेवढं चुंबकत्व आहे, हे प्रयोगशाळेत दाखवलं की सर प्रबंधावर सही करणार होते. सही नाही, तर परीक्षा नाही.

आमच्या धंद्यात पहिल्या दिवसापासून बजावतात : कुजका पापुद्रा काढा, आतला ताजा नमुना आणा. मी तर याबाबतीत भलताच सोवळा. टेकडीवर दोन तऱ्हेचे दगड होते. एक जड, टणक, हातोडीखाली खणकन वाजणारा. दुसरा काळसर हिरवा, सापाच्या कातडीसारखा नक्षीचा, हाताला साबणासारखा, चाकूने ओरखडा उठेल इतका मऊ. हा सडका, असं ठरवून मी तो उतारावरून मजेत भिरकावत बसलो.

प्रयोगशाळेत माझ्या निवडक नमुन्यांपुढे काटा हलेना. मी यंत्राला थापट्या मारल्या, तारा काढून पुन्हा जोडल्या. सर मागे येऊन उभे राहिले.

"टेकडी खोटं बोलून राहिली, का तू?"

"सर, यंत्र बिघडलं असावं."

"हो ना. टेकडी बिघडली, यंत्र बिघडलं, तू तेवढा धड. परीक्षेचे फॉर्म जायच्या आत उत्तर आण. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

मी हट्टाला पेटलो. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या घरी ओसरीवर पोतं उपडं केलं, जुन्या रेडिओच्या भोंग्यातला चुंबक दोऱ्याला बांधला आणि एकेका दगडासमोर टांगत बसलो. आई दारात आली.

"काहून रे, दगडाची दृष्ट काढून राहिला का?"

"नमुने तपासतोय."

"तपास. पण मधात माह्या पोराची पण काढ. त्याले जास्त गरज आहे."

चुंबक सगळ्यांसमोर निर्विकार लोंबकळत होता. एका तुकड्यात मात्र माझ्या तावडीतून सुटलेली एक हिरवी शीर होती. तिच्याजवळ नेताच तो दगडाकडे चक्क झुकला.

मी कपाळ बडवून घेतलं. मूळ दगडात लोखंड असतं, पण खनिजाच्या बांधणीत अडकलेलं. चुंबकाला ते दाद देत नाही. जमिनीच्या पोटात त्या दगडात पाणी मुरलं की त्याचं अंगच बदलतं. तो फुगतो, म्हणून आकाराच्या मानाने हलका होतो, मऊ पडतो, हिरवा होतो. नव्या हिरव्या खनिजात न मावलेलं लोखंड बाहेर पडतं आणि त्याचे मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे काळे कण होतात. काटा उसळवत होते ते हे कण. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं, 'सर्पेंटिनीकरण' या शब्दाखाली ठळक रेघ ओढून. पण तोच दगड हातात आला तर ओळख दाखवली नाही.

दुसऱ्या सकाळी एसटी धरली. टळटळीत उन्हात, टेकडीच्या पायथ्याच्या काट्याकुट्यांतून, मीच भिरकावलेले दगड हुडकत फिरलो. पोतं भरल्याशिवाय हललो नाही. परतीच्या गाडीत कंडक्टरने पोत्यात डोकावून पाहिलं.

"नागपुरात दगड संपले का गा?"

"हे वेगळे आहेत."

"हे तर सडके दिसून राहिले."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणालो, आणि पोतं पायाशी घट्ट धरलं.

या वेळी काटा पार टोकाला गेला. पाण्यात तोलले, तर हिरवे दगड खरोखर हलके भरले. आकडे घेऊन सरांपुढे उभा राहिलो आणि भिरकावलेल्या दगडांची हकीकतही सांगितली. त्यांनी सगळं नीट तपासलं, पेनाचं टोपण काढलं, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"प्रस्तावनेत एक ओळ घाल," ते म्हणाले. "नमुने दुसऱ्याने निवडले, असं लिही. म्हणजे परीक्षक विश्वास ठेवतील."