अंबूबाईंचं ऐकणारं माणूस

मळवलीत अंबूबाईंचा आवाज गावभर ऐकू जायचा, पण घरात त्यांचं ऐकायचं मात्र कुणी नाही. पाठीवर बोचकं टाकून देशोदेशी हिंडणारी पोलंडची मार्टा पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडं मुक्कामाला आली. अंबूबाईंनी हातवारे करून तिलाही बजावलं, "कपडे बाहेर ठिवू नको. माकडं लय हैत. माकड दिसलं की आत आण!"

सकाळी दारात गुढी उभी राहिली. पुरणपोळ्या उरकून अंबूबाई बाहेर येतात तर नुसती काठी! समोर कौलांवर माकड, आणि मार्टा गुढीची कोरी साडी छान घडी करून छातीशी कवटाळून उभी. तांब्या काखेत.

सून सवितानं कपाळावर हात मारला. "आत्या, भरल्या सणाला अपशकुन झाला!"

अंबूबाईंनी ती घडी न्याहाळली.

"गप गं. उभा जल्म गेला, ह्या घरात माझं कुनी ऐकलं न्हाई. वर्साच्या पहिल्याच दिशी हिनं ऐकलं. ह्यापरीस शकुन कंचा?"

मग त्यांनी काठी मार्टाच्या हातात दिली. "उभार पोरी. माकडाकडं मी बघते."