वर्ग साहेबांच्या दारात

शाळेच्या पालक समितीचं अध्यक्षपद पंचशीलाबाईंच्या गळ्यात पडलं, ते त्या बैठकीला गेल्या नव्हत्या म्हणून. हजर असलेल्या प्रत्येकाने हात झटकले आणि गैरहजर बाईचं नाव एकमताने मंजूर झालं. आपल्याकडे बऱ्याच निवडणुका अशाच होतात. पण ह्या वेळी मंडळी फसली. बाईंचे वडील महूच्या छावणीत फौजी, आणि स्वतः पोलोग्राउंडच्या नमकीन कारखान्यात पॅकिंगच्या सुपरवायझर. घेतलेलं काम अर्धवट टाकणं बाईंना माहीतच नव्हतं.

एका संध्याकाळी त्यांची आठवीतली लेक, सुरुची, इंग्रजीचा धडा घडाघडा वाचत होती. पोळ्या लाटता लाटता बाईंचा ऊर भरून आला. त्यांनी सहज विचारलं, "काय म्हटलंय गं त्यात?"

"ते नाही माहीत, आई."

"मग वाचून काय राहिलीस?"

"पीटीचे सर बोलले, रीडिंग पक्की कर लो. मतलब इंग्लिशवाले सर आले की सांगतील."

"आणि ते कधी येणार?"

"ते तर मी सहावीत होते तेव्हापासून येऊन राहिलेत!"

बाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. सुरुचीला नर्स व्हायचं होतं. नववीला चांगल्या सरकारी शाळेत जायचं तर प्रवेश परीक्षा होती, आणि तिच्यात इंग्रजीचा पेपर. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

चौकशी केल्यावर कळलं ते ऐकून कपाळावर हात मारायची पाळी आली. इंग्रजीचे उन्मेष सर पगाराला शाळेत होते, पण बसायला शिक्षण खात्याच्या एका कार्यालयात. ह्याला तिकडे 'अटैच' होणं म्हणतात. तिथल्या साहेबांना गळक्या नळाची नोटीससुद्धा इंग्रजीत काढायची हौस. तेव्हा ज्याला इंग्रजी येतं त्याला, इंग्रजी येतं ह्याच गुन्ह्यासाठी, शाळेतून उचलला होता.

बाई अर्ज घेऊन गेल्या. साहेब म्हणाले, "मैडम, पूरे दफ्तर में अंग्रेज़ी का एक ही आदमी है."

"स्कूल में भी एक ही था, साहब."

शेजारच्या टेबलावरून उन्मेष सर मान खाली घालून म्हणाले, "मला तर यायचंच आहे, पंचशीलाजी. पण ऊपर से ऑर्डर नाही ना." सज्जन माणूस बिचारा, असं म्हणत बाई खाली उतरल्या, तर जिन्यात चपराशी हसला. "भोली हो बहनजी. हर साल सर खुद अर्ज़ी देकर यहाँ की मुद्दत बढ़वाते हैं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दर मंगळवारी त्या कार्यालयात जनसुनवाई असे. कुणीही यावं, तक्रार मांडावी. पुढच्या मंगळवारी बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शाळेच्या मोठ्या बाई देवयानी मॅडमनी वर्ग न्यायला परवानगी दिली, आणि "मेरा नाम मत लेना" असंही बजावलं. चार पालक, सगळी आठवी आणि दोन सतरंज्या घेऊन वरात निघाली, आणि साहेबांच्या दारासमोरच्या व्हरांड्यात सतरंज्या पसरल्या.

साहेब बाहेर आले. "ये सब क्या है?"

"आठवीं क्लास है, साहब. अंग्रेज़ी का पीरियड. सर यहाँ हैं, तो क्लास भी यहीं लगेगी."

तक्रारी घेऊन ताटकळलेल्या लोकांना आयती करमणूक झाली. "अरे भिया, बच्चों को जगह दो!" असं म्हणत एका आजोबांनी बाकही सरकवलं. चारचौघांत ओरडायची सोय नव्हती. साहेबांनी सरांना फर्मावलं, "दस मिनट पढ़ाओ और रवाना करो."

उन्मेष सर आले. परिपत्रक वाचावं तसा त्यांनी धडा वाचायला घेतला. एक हात धड्यातल्या चित्रावर ठेवून सुरुचीने दुसरा वर केला. "सर, ये लड़की रो क्यों रही है?"

सर अडखळले. त्यांनी पान मागे उलटलं. ती मुलगी रडतेय हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. मग ते सतरंजीवर मांडी घालून बसले. "ती जत्रेत हरवली आहे. तुम में से झांकी के जुलूस की भीड़ में कौन-कौन खोया है?"

अर्धा वर्ग हरवलेला निघाला! "सर, आय लॉस्ट. मम्मी क्रायिंग. पोलीस गिव्ह जलेबी." सरांनी चूक काढली नाही. "गुड! देन?" एवढंच म्हणत गेले. पोरं चेकाळली. दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली.

मुलं सतरंज्या गुंडाळत असताना सर बाईंजवळ आले. "खरं सांगू? इथली मुदत मीच वाढवून घेत होतो. मी शिकवायचो आणि वर्गभर नुसते डोळे बघत बसायचे. कुणाला काही कळायचं नाही. कागद निदान तसे बघत नाहीत. मला भीती वाटायची हो."

बाईंनी त्यांच्यासाठी चांगले ठेवणीतले शब्द आणले होते. ते तोंडातच राहिले. "मलाही वाटते, सर. तुमच्या साहेबांपुढे बोलताना तर फारच वाटत होती."

"दिसलं नाही."

"दिसू दिलं तर अध्यक्ष कसली!"

पुढच्या मंगळवारी वरात पुन्हा हजर. ह्या वेळी साहेबांनी तोडगा तयारच ठेवला होता. मागचा हॉल देतो, सर दर मंगळवारी तिथेच शिकवतील, वर मुलांना चहा-बिस्किटंही. पालक एकमेकांकडे बघायला लागले. नाही मामापेक्षा काणा मामा बरा. खुद्द बाईंचंही मन डळमळलं. परीक्षा जवळ येत होती, आणि भांडून हाती काय लागेल ह्याचा भरवसा नव्हता.

तेवढ्यात उन्मेष सर खुर्चीतून उठले. "नहीं साहब. हफ्ते में एक दिन से अंग्रेज़ी नहीं आती. मुझे स्कूल वापस भेज दीजिए. लिखकर देता हूँ."

व्हरांड्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. पंचशीलाबाईंना रडू फुटलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

साहेब मात्र मटकन खाली बसले. ते खरोखरच काळजीत पडले होते. "और मेरी चिट्ठियाँ? वो कौन लिखेगा?"

पदराने डोळे पुसत बाई म्हणाल्या, "हिंदी में लिख दीजिए ना, साहब. हम भी पढ़ लेंगे."