पंगतीबाहेरचं ताट

माझा कोणावरही काडीचा विश्वास नाही. हे मी मिरवत नाही आणि लाजून सांगतेय असंही नाही. जिच्या पोरीचा जीव एका शेंगदाण्याने जाऊ शकतो, तिने विश्वास ठेवायचा तरी कोणावर? त्यात आम्ही राहतो शहाद्याजवळच्या गावात. आमच्याकडे वांग्याचं भरीत असो की मिरचीचा ठेचा, दाणे पडल्याशिवाय कोणाला घास गोड लागत नाही. तळणीला शेंगदाण्याचं सिंगतेल, चटणीला दाणे, उपासालाही दाणेच.

मुलगी तीन वर्षांची असताना हे कळलं. सासूबाई अंगणात भाजलेले दाणे पाखडत होत्या आणि पोरीने सुपातले दोन-तीन उचलून तोंडात टाकले. थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली. शहाद्याच्या डॉक्टरांनी धावपळ करून वाचवली. नंतर ते म्हणाले, हिच्या तोंडात पुन्हा दाण्याचा कणही जाता कामा नये. गेलाच, तर हे इंजेक्शन लगेच मांडीत द्यायचं आणि मग दवाखाना गाठायचा.

त्या दिवसापासून घरातून दाणे हद्दपार झाले आणि माझ्या डोक्यात संशय राहायला आला. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं मी उन्हात धरून वाचायची. लग्नाची आमंत्रणं टाळायची. गल्लीतल्या मारवाडी दुकानदारीणबाईंनी एकदा पोरीला बेसनाचा लाडू दिला, तर मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि विचारलं, "बेसन भाजलं ती कढई आधी कशाला वापरली होती?" आता मी दिसले की त्या बरणीचं झाकण घट्ट लावतात. लावू देत.

ही गोष्ट मी गावाला ओरडून सांगितली असती, पण सासूबाई आडव्या आल्या. "पोरनी जात शे," त्या म्हणाल्या. "गावमा बोंब मारू नको. उद्या कोन करी तिले?" पोरीला तेव्हा धड चप्पल घालता येत नव्हती आणि यांना तिच्या लग्नाची काळजी. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मायलेकांचं एकमत झाल्यावर मी काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर मलाही गावाचा भरवसा नव्हता. कोणी मुद्दाम खाऊ घालून बघेल, अशी भीती वाटायची. 'एवढ्याशा दाण्याने काय होतंय' म्हणणारे महाभाग आमच्याकडे घरटी एक आहेत.

म्हणून पोर शाळेत जायला लागली तेव्हा खरी गोष्ट फक्त मुख्याध्यापकांना सांगितली. इंजेक्शन त्यांच्या कपाटात ठेवलं, ते कसं द्यायचं हे डॉक्टरांकडून त्यांना दाखवून आणलं आणि कोणाजवळ बोलणार नाही असं वचन घेतलं. बाकी सगळ्यांना एवढंच कळलं की ही मुलगी शाळेतली खिचडी खाणार नाही. डबा घरचा, ताट घरचं, पाणी घरचं. दुपारी सगळी पोरं व्हरांड्यात पंगतीने बसायची आणि माझी पोर पलीकडे, खांबाजवळ, तिच्या वेगळ्या बसकरावर.

शाळेत खिचडी शिजवायची ती बाई नदीकडच्या भिल वस्तीतली. तिची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात होती आणि दोघींची मोठी गट्टी. सुरुवातीला ती बाई मला पाहून हसायची. मग हसणं बंद झालं. मी शाळेत गेले की ती पातेल्यात डोकं घालायची. मी "काय ताई, आज काय केलं?" म्हणून विचारलं, तर उत्तर यायचं, "तुमले काय करनं शे?" माझ्या मनात पाल चुकचुकली. हिच्या मनात काहीतरी आहे. हिच्या हातात दिवसभर डाव असतो आणि माझी पोर चार हातांवर बसलेली असते. मी काही ना काही निमित्त काढून दुपारी शाळेत डोकवायला लागले.

जायचं राहिलं त्याच दुपारी मुख्याध्यापक सरांचा फोन आला. त्यांनी इंजेक्शन दिलं होतं आणि पोरीला कोणाच्या तरी गाडीत घालून शहाद्याला निघाले होते. मी पोचले तेव्हा तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि चेहरा इतका सुजलेला की डोळे दिसत नव्हते. मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नाही. धोका टळलाय असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्या भीतीचा सगळा राग झाला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला तिच्याजवळ बसवून मी तडक शाळेत गेले. ती चुलीपाशी कांदे चिरत होती. मी पोरांसमोर तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने हातातला कांदा चिरून संपवला. मग विळी बाजूला सारून उठली.

"मन्हा हातनं ती खासच कोठे?" ती म्हणाली. "तुम्हीच तर मना करेल शे. आम्हना हात बाटेल, आम्हनं अन्न बाटेल. म्हनीसन पोरले दूर बठाडतस ना तुम्ही? तिनी काय खादं ते तिलेच इचारा."

तिच्याबद्दल मी नाही नाही ते मनात आणलं होतं, पण तिच्या मनात हे असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. खांबाजवळचं ते वेगळं ताट सगळ्या गावाने पाहिलं होतं आणि त्याचा आमच्याकडे जो एकच अर्थ लागतो, तोच लावला होता.

मी दवाखान्यात परत आले. पोर उठून बसली होती. मी हळूच विचारलं, "काय खादं तू?"

"भाकर," ती म्हणाली. "चटनीसंगे." खिचडीबरोबर खायला तिच्या मैत्रिणीने घरून मक्याची भाकर आणि चटणी आणली होती.

"तुले माहीत नव्हतं का, तेमा दाना ऱ्हातस?"

"माहीत व्हतं."

"मग?"

"ती म्हने, तुन्ही माय आमले नीच समजस. मी म्हनं, नही समजस. ती म्हने, मग मन्हा हातनं खाईसन दखाड."

"आनि तू खादं? तिले सांगता नही वनं, माले चालत नही म्हनीसन?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडी आहे. "कसं सांगू?" ती म्हणाली. "आजी म्हने ना, सांगं तर मन्हं लगीन व्हनार नही."

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. खूप वेळ धूत राहिले.

पोर बरी होऊन शाळेत गेली त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. सासूबाईंना सांगूनच निघाले. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. पंगत बसली तेव्हा मी व्हरांड्यात उभी राहिले आणि मोठ्याने सगळं सांगितलं. हिला दाण्याने श्वास लागतो, त्यात जीवही जाऊ शकतो, म्हणून ती वेगळी बसते, दुसरं काही कारण नाही. मग मी स्वतः पंगतीच्या शेवटी मांडी घालून बसले. त्या बाईने माझ्या ताटात खिचडी वाढली आणि मी पहिला घास खाईपर्यंत डाव हातात धरून समोर उभी राहिली. तिचाही माझ्यावर विश्वास नव्हता. मी ताट चाटूनपुसून साफ केलं.

मग मी म्हटलं, "ताई, आता हिलाही वाढा थोडी." म्हणाले खरी, पण डाव कुठल्या पातेल्यातून आलाय याकडे माझे डोळे लागलेच होते. तिने ते पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "माले भेव लागस. तिले घरनंच खाऊ द्या. पन पंगतमा बठाडा. आठे, मन्ही पोरजोडे."

पोरीने बसकर उचललं आणि पंगतीत आणलं. तिची मैत्रीण उठून नळावर गेली, साबण लावून हात धुऊन आली आणि बसण्याआधी माझ्यासमोर थांबली. तिने दोन्ही हात पुढे केले. मी वाकून त्या हातांचा वास घेतला, आणि तिने घेऊ दिला.